संकेतस्थळाची आशयरचना आणि मराठीतील ज्ञानव्यवस्थेची परंपरा : शनिशिंगणापूरच्या नोंदीच्या अनुषंगाने

१

संकेतस्थळ उभारण्याचे काम हाती घेतले म्हणजे प्रथम विचार होतो तो त्याच्या बाह्यरूपाचा. रंग कोणते, चित्रे किती, अक्षर कोणत्या वळणाचे, या प्रश्नांवर बैठका होतात. आणि त्यावर ठेवावयाचा मजकूर कोणता, त्याचे भाग किती, एका भागाचा दुसऱ्याशी संबंध काय, वाचक कोणत्या शब्दाने त्यापर्यंत पोहोचणार, हे प्रश्न इमारत उभी राहिल्यावर सुचतात. हा क्रम उलटा आहे हे संगणकशास्त्रातील जाणकार गेली तीस वर्षे सांगत आले आहेत. १९९८ मध्ये रोझेनफेल्ड व मॉरव्हिल यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि तेव्हापासून ‘माहितीची वास्तुरचना’ हे नाव रूढ झाले. तथापि हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मला असे मानणे इतिहासास धरून होणार नाही. लिहिण्यापूर्वी आशयाची मांडणी ठरविणे हे कोशकारांचे, सूचिकारांचे आणि ग्रंथपालांचे जुने काम होय. मराठीत त्याची परंपरा दीर्घ आहे. आणि तिच्यात जे प्रश्न सुटले व जे सुटले नाहीत, ते दोन्ही आजच्या संकेतस्थळापुढे जसेच्या तसे उभे आहेत.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण आरंभापासून अखेरपर्यंत समोर ठेवणे इष्ट होईल. अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे ते उदाहरण. उघड्या चौथऱ्यावरील, छत नसलेली सुमारे साडेपाच फूट उंचीची काळी शिळा, आणि घरांना दारे न लावण्याची प्रथा, या दोन गोष्टींनी हे गाव सर्वत्र परिचित आहे. या गावाविषयीचा मजकूर एखाद्या संकेतस्थळावर मांडावयाचा झाल्यास तो कोठे मांडावा? शनी या ग्रहाखाली, शनी या देवतेखाली, तीर्थक्षेत्रांत, नेवासे तालुक्यात, ग्रामसमाजाच्या अभ्यासात, की कायद्याच्या इतिहासात? वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या प्रश्नाचे उत्तर पुढील प्रत्येक पायरीवर वेगळे येते, आणि त्या भिन्नतेतच विषयाचे मर्म आहे.

२

आशय एक आणि रचना दोन, याचे मराठीतील सर्वांत जुने आणि स्पष्ट उदाहरण महानुभाव वाङ्मयात सापडते. म्हाइंभटाने श्रीचक्रधरांच्या लीळा साक्षीदारांकडून मिळवून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केले. त्याची मांडणी चरित्रक्रमाने आहे : एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. कोणत्या स्थळी, कोणापुढे, कोणत्या प्रसंगी काय घडले हे या रचनेत टिकते. त्यानंतर केसोबासाने त्याच सामग्रीतून चक्रधरांची वचने वेगळी काढून सूत्रपाठ रचला, आणि ती वचने प्रसंगानुसार न लावता विचार, आचार अशा प्रकरणांत विषयवार लावली. दृष्टांतपाठात तर त्याने प्रत्येक घटकाचा साचाच ठरविला : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक.

या दोन रचनांची तुलना उद्बोधक आहे. लीळाचरित्राच्या वाचकाला वचनाचा प्रसंग कळतो, परंतु एका तत्त्वाविषयीची सर्व वचने एकत्र मिळत नाहीत. सूत्रपाठाच्या वाचकाला तत्त्व एकत्र मिळते, पण ते कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे पाहण्यासाठी मूळ लीळेकडे परत जावे लागते. कोणतीही एक रचना दुसरीची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच महानुभाव पंथाने दोन्ही ग्रंथ जपले आणि एकातून दुसऱ्याकडे जाण्याची वहिवाट ठेवली. संकेतस्थळाच्या भाषेत बोलावयाचे तर, एकाच आशयाला दोन प्रवेशमार्ग देऊन त्यांच्यामध्ये दुवे राखले गेले.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. म्हाइंभटाने आधी संकलन केले आणि रचना त्यातून आली. केसोबासाने रचना आधी ठरविली आणि तिच्यात बसेल ते निवडले. पहिल्या पद्धतीत सामग्री सुरक्षित राहते, पण पसरते. दुसऱ्या पद्धतीत ती बांधेसूद होते, परंतु साच्यात न बसणारे गळते. पुढील सहा-सात शतकांतील प्रत्येक ज्ञानसंग्राहकाला या दोहोंतून मार्ग काढावा लागला आहे.

३

एकोणिसाव्या शतकात साचा आधी आणि मजकूर नंतर ही पद्धत शासकीय बळावर राबविली गेली. विल्यम विल्सन हंटर यांच्याकडे १८६९ मध्ये हिंदुस्थानच्या सांख्यिकीय पाहणीची योजना आखण्याचे काम आले, आणि त्या प्रेरणेतून ठिकठिकाणी गॅझेटियरांचे काम सुरू झाले. मुंबई इलाख्याचे गॅझेटियर जेम्स कॅम्बेल यांनी संपादिले. त्यातील अहमदनगर जिल्ह्याचा सतरावा खंड १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला. या मालिकेतील दख्खनच्या जिल्ह्यांचे खंड उघडून पाहिले असता प्रकरणांचा क्रम जवळजवळ तोच आढळतो : भूवर्णन, उत्पन्न, लोक, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास, जमीनव्यवस्था, न्याय, वित्त, शिक्षण, आरोग्य, तालुके आणि शेवटी स्थळे. साचा एकदा ठरला की निरनिराळ्या जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांनी पाठविलेली माहिती त्यात भरत जाणे शक्य झाले. नगर आणि सोलापूर यांची तुलना करावयाची असल्यास दोन्ही खंडांतील तेच प्रकरण उघडावे, इतकी ही व्यवस्था नियमित होती. पुढे १९०४ मध्ये एन्थोव्हेन यांनी सर्वसाधारण सूचीचा सत्ताविसावा खंड दिला, तेव्हा साऱ्या मालिकेला दुसरा प्रवेशमार्ग मिळाला. विषयवार साचा आणि अकारविल्हे सूची असे दोन दरवाजे एकाच ग्रंथसंभाराला झाले. मात्र पहिल्या दरवाजानंतर दुसरा उघडेपर्यंत कित्येक वर्षे लोटली, हेही नमूद केले पाहिजे.

परंतु हा साचा निरपेक्ष नव्हता. जमीन, न्याय, वित्त यांना स्वतंत्र प्रकरणे मिळाली, कारण राज्यकर्त्यांस महसूल आणि शांतता यांची चिंता होती. गाव हा घटक तालुक्याच्या पोटात गेला. देवस्थान हे ‘स्थळे’ या अखेरच्या प्रकरणात, तेही संपादकास उल्लेखनीय वाटले तर आले. शिंगणापूरसारख्या गावाचा विचार या साच्यातून केला, तर त्याची जमीन एका प्रकरणात, त्यातील जाती दुसऱ्यात, आणि देव तिसऱ्यात जाईल. गावातील माणसाला या तिन्ही गोष्टी एकाच जीवनाची अंगे वाटतात. साच्याला त्या वाटत नाहीत. रचना आधी ठरविणे म्हणजे कोणते प्रश्न विचारावयाचे हे आधी ठरविणे होय. जो प्रश्न साच्यात नाही त्याचे उत्तर कितीही खंड चाळले तरी मिळत नाही.

४

श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांच्यापुढे प्रश्न याहून अवघड होता. त्यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तेवीस खंडांचा. सरकारी यंत्रणा पाठीशी नसल्याने त्यांनी मर्यादित भांडवलाची कंपनी काढून हे काम उभे केले, आणि त्याचा वृत्तांत पुढे ‘माझें बारा वर्षांचें काम’ या पुस्तकात दिला. कोश म्हटला की अकारविल्हे क्रम आला. परंतु अकारविल्हे क्रमाचा स्वभावच असा की तो परस्परसंबद्ध गोष्टी तोडतो आणि परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टी शेजारी बसवितो. युरोपातील कोशकारांनी या दोषावर दोन उपाय शोधले होते. चेंबर्सने १७२८ मध्ये आपल्या कोशात एका नोंदीतून दुसरीकडे निर्देश करण्याची पद्धत रूढ केली. दीदरो व दालाँबेर यांच्या कोशाच्या १७५१ मधील पहिल्या खंडात, बेकनच्या विचारास अनुसरून, स्मृती, बुद्धी आणि कल्पना या तीन शक्तींपासून निघालेला मानवी ज्ञानाचा वृक्षच छापला गेला.

केतकरांनी याहून निराळा मार्ग पत्करला. त्यांनी अकारविल्हे नोंदींच्या आधी प्रस्तावनाखंड म्हणून पाच खंड दिले : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, आणि विज्ञानेतिहास. या खंडांत ज्ञानाचा सलग इतिहास आहे. सुटी नोंद ज्या संदर्भात वाचावयाची तो संदर्भ तेथे सिद्ध होतो. कोशाच्या वाचकाला आधी नकाशा द्यावा आणि मग गावे दाखवावी, असे या योजनेचे वर्णन करता येईल. या योजनेवर आक्षेप घेता येतो. नकाशा कोणाच्या दृष्टीने काढला, हा तो आक्षेप. आणि केतकरांची समाजशास्त्रीय मते प्रस्तावनाखंडांत ठायी ठायी दिसतात हे खरे आहे. परंतु ती मते उघड दिसतात, हाच या पद्धतीचा गुण मानावा लागेल. साच्यात दडलेल्या मतापेक्षा प्रस्तावनेत मांडलेले मत तपासणे वाचकास सोपे जाते. १९७४ मध्ये ब्रिटानिकाच्या पंधराव्या आवृत्तीने संपूर्ण ज्ञानाची रूपरेषा देणारा स्वतंत्र खंड काढला, तेव्हा ती मोठी नवलाई मानली गेली. केतकरांनी आधी रूपरेषा देण्याचे तत्त्व त्यापूर्वी अर्धशतक, अपुऱ्या साधनांनिशी, मराठीत अमलात आणले होते.

५

मराठी विश्वकोशाची कथा ही पूर्वनियोजनाच्या सामर्थ्याची आणि मर्यादेचीही कथा आहे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्येच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य-संस्कृती मंडळ स्थापन झाले, आणि वाई येथे विश्वकोशाचे काम सुरू झाले. पहिला संहिताखंड प्रसिद्ध होण्यास १९७६ साल उजाडले. या मधल्या काळात काय चालले होते, हे पाहिले म्हणजे पूर्वनियोजन या शब्दाचा अर्थ कळतो. १९६५ मध्ये कोशाचे स्वरूप जनतेपुढे ठेवणारा परिचयग्रंथ निघाला. विषयवार नोंदींच्या याद्या तयार करणे, कोणत्या विषयाला किती जागा द्यावयाची हे ठरविणे, एकच वस्तू दोन विषयांत आली तर मुख्य नोंद कोणाची आणि निर्देश कोणाचा याचा निर्णय करणे, हे काम नोंदी लिहिण्याआधीचे होय. विशेष म्हणजे अठरावा म्हणून योजिलेला परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ मध्ये, म्हणजे पहिल्या संहिताखंडाच्याही आधी, प्रसिद्ध झाला. यामागील दृष्टी अचूक होती. शंभर लेखक एकाच संकल्पनेला शंभर नावे देऊ लागले, तर कोशातील एकही निर्देश इष्ट स्थळी पोहोचणार नाही. आधी नावे निश्चित व्हावी, मग याद्या, मग लेखन, आणि शेवटी मुद्रण, हा क्रम संकेतस्थळाच्या कामातही यापेक्षा वेगळा असू शकत नाही.

मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. संहितेचे सतरा खंड योजिले होते, ते वीसवर गेले. आणि ‘अंक’ या नोंदीने आरंभ झालेली संहिता ‘ज्ञेयवाद’ या नोंदीशी पोहोचण्यास २०१५ साल आले. सुमारे चाळीस वर्षांच्या या प्रवासात अकारविल्हे प्रकाशनाचा एक अपरिहार्य परिणाम झाला. अहमदनगर जिल्ह्याची नोंद पहिल्याच खंडातली, त्यामुळे ती १९७६ च्या स्थितीवर थांबली. ‘श’पासून आरंभ होणारी नोंद अनेक वर्षांनी, निराळ्या महाराष्ट्रात लिहिली गेली. एकाच भूभागाविषयीच्या दोन नोंदी दोन काळांतल्या झाल्या, याचे कारण केवळ त्यांची आद्याक्षरे. छापील ग्रंथाला हा दोष टाळता येत नव्हता. संकेतस्थळाला तो टाळता येतो, आणि विश्वकोशाचे खंड जालावर आल्यानंतर मंडळाने विषयवार ज्ञानमंडळे स्थापून नव्या व सुधारित नोंदींचे काम सुरू केले, ते याच दिशेने टाकलेले पाऊल होय. वर्णक्रमाने लेखन करण्याऐवजी विषयाने लेखन करणे आता शक्य झाले आहे.

याच्या उलट टोकाला मराठी विकिपीडिया आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या कोशात आधी लेख आले आणि वर्ग नंतर लागत गेले. येथे म्हाइंभटाची पद्धत पुन्हा दिसते. सामग्री झपाट्याने जमते. परंतु एकाच वस्तूला दोन नावांचे दोन लेख, वर्गाविना पडलेले लेख, आणि एकमेकांशी न जुळणारे वर्ग यांची दुरुस्ती हे तेथील स्वयंसेवकांचे न संपणारे काम होऊन बसते. पूर्वनियोजनाचा खर्च आधी करावा लागतो. तो चुकविला तर व्याजासह नंतर द्यावा लागतो.

६

आता संकेतस्थळाच्या भाषिक बाजूकडे वळले पाहिजे, कारण मराठीच्या संदर्भात खरी अडचण तेथेच आहे. संगणकात शोधाची सोय असल्यामुळे रचनेची गरज उरली नाही, असा एक समज प्रचलित आहे. तो मराठीच्या प्रकृतीचा विचार न केल्यामुळे उत्पन्न झाला आहे.

‘शिंगणापूर’ हे एकच नाव घ्यावे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक नियमांप्रमाणे गावाच्या नावातील ‘पूर’ दीर्घ लिहावयाचा. परंतु सामान्यरूप होताना उपान्त्य ऊकार ऱ्हस्व होतो : शिंगणापुरात, शिंगणापुरास, शिंगणापुराहून. दीर्घ ऊकार लिहून शोध घेणाऱ्यास ऱ्हस्व ऊकाराची रूपे केवळ अक्षरांच्या जुळणीने मिळत नाहीत. पूर्वपदाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. तत्सम इकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहावयाचा, म्हणून स्वतंत्र शब्द ‘शनी’. पण समासाच्या पूर्वपदी तो ऱ्हस्वच राहतो, म्हणून ‘शनिशिंगणापूर’. मग दोन पदे तोडून लिहिणाऱ्याने ‘शनी शिंगणापूर’ लिहावे लागेल, आणि प्रत्यक्षात पाट्यांवर ‘शनि शिंगणापूर’ असेही सर्रास दिसते. तालुक्याचे नाव ‘नेवासे’ किंवा ‘नेवासा’. त्याचे सामान्यरूप ‘नेवाशा-’, म्हणजे येथे व्यंजनच बदलते. ज्ञानेश्वरांनी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली, असे वाक्य असलेले पृष्ठ ‘नेवासा’ या शब्दाने शोधणाऱ्याच्या हाती लागेलच, याचा भरवसा नाही. यात भर म्हणजे शिंगणापूर एकच नव्हे. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात शंभुमहादेवाचे शिखर शिंगणापूर आहे. कोल्हापूरजवळही याच नावाचे गाव आहे. शोधयंत्र अक्षरे जुळविते. कोणते शिंगणापूर हवे ते अक्षरांत लिहिलेले नसते.

वर्णक्रमाची अडचण याच जातीची आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर, आणि क्ष, ज्ञ त्याहीनंतर येतात. विश्वकोशाची अखेर ‘ज्ञेयवाद’ या नोंदीने होते ती त्यामुळेच. युनिकोड या सार्वत्रिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या वर्णांना जे क्रमांक दिले आहेत त्यांत ळ हा ल नंतर लगेच येतो, आणि ज्ञ हा स्वतंत्र वर्ण नसून ज व ञ यांचा संयोग मानला जातो. केवळ क्रमांकानुसार यादी लावली, तर ‘ज्ञेयवाद’ कोशाच्या अखेरीहून उठून ‘झ’च्या आधी जाऊन बसेल. भाषानिहाय क्रमाचे नियम संगणकास देण्याची सोय युनिकोडच्या व्यवस्थेत आहे. परंतु ते नियम वापरावयाचे, असा निर्णय कोणीतरी आधी घ्यावा लागतो. हा निर्णय आशयरचनेचा भाग आहे. इमारत उभी राहिल्यावर तो घेतला, तर प्रत्येक यादी पुन्हा लावावी लागते.

यावरून निष्पन्न होते ते असे : प्रत्येक वस्तूचे एक प्रमाणनाम निश्चित करावे, तिची सर्व पर्यायी रूपे, जुनी नावे आणि सामान्यरूपे त्या प्रमाणनामाशी जोडावी, आणि समनामांना भेदक विशेषण द्यावे. परिभाषासंग्रह संहितेच्या आधी काढण्यामागील तत्त्व ते हेच.

७

नावांनंतर प्रश्न येतो वर्गाचा. वृक्षासारखी रचना घेतली, की प्रत्येक वस्तूला एकच जागा मिळते; एक फांदी निवडली की दुसरी सुटते. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात हा पेच सोडविण्याचा भारतीय प्रयत्न आहे. त्यांच्या विचारात विषय हा पैलूंचा संयोग असतो. पुढे त्यांनी व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, देश आणि काल असे पाच मूलभूत पैलू मानले. वस्तू एकाच फांदीवर टांगण्याऐवजी तिच्या प्रत्येक पैलूची नोंद करावी, आणि वाचकाने हव्या त्या पैलूकडून यावे. कपाटातील पुस्तकाला अखेर एकच जागा द्यावी लागत असल्याने या विचाराचे पूर्ण फळ ग्रंथालयात मिळाले नाही. संकेतस्थळावर एका पृष्ठाकडे अनेक वाटांनी येता येते, म्हणून तेथे ते मिळू शकते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जालाची जी मूळ योजना मांडली, तिच्यातही निव्वळ वृक्षरचना अपुरी पडते हाच मुद्दा होता.

शिंगणापूर या कसोटीला लावून पाहावे. देश या पैलूने ते नेवासे तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यात. देवता या पैलूने ते शनीच्या उपासनेत. तेथून एक दुवा ग्रहाकडे जाईल, कारण साडेसातीची कल्पना शनीच्या सुमारे साडेएकोणतीस वर्षांच्या प्रदक्षिणेवर आणि त्यामुळे एकेका राशीत पडणाऱ्या सुमारे अडीच वर्षांवर आधारलेली आहे. दुसरा दुवा शनिमाहात्म्याच्या पोथीकडे आणि तिच्यातील विक्रमराजाच्या कथेकडे जाईल. लोकाचार या पैलूने दारे नसलेली घरे येतील, आणि त्याच ओघात २०११ मध्ये तेथे कुलपाविना उघडलेली बँकेची शाखाही येईल. काल या पैलूने २०१६ साल ठळक होईल. चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश नसण्याच्या प्रथेविरुद्ध आंदोलन झाले. मुंबई उच्च न्यायालयात १९५६च्या हिंदू सार्वजनिक पूजास्थळांतील प्रवेशाविषयीच्या कायद्याचा आधार घेतला गेला. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने त्या कायद्याची अंमलबजावणी करण्याची शासनाची जबाबदारी स्पष्ट केली. आणि ८ एप्रिल रोजी, गुढीपाडव्यास, चौथरा स्त्रियांना खुला झाला. पुढे २०१८ मध्ये विधिमंडळाने या देवस्थानाच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र कायदा केला.

आता एकच फांदी निवडणाऱ्या रचनेत काय होईल ते पाहावे. ‘तीर्थक्षेत्रे’ या शीर्षकाखाली गाव ठेवले तर दर्शनाची वेळ व वाट कळेल, आणि २०१६ साल गळेल. कारण तीर्थक्षेत्राच्या साच्यात ‘वाद’ हा रकानाच नसतो. ‘स्त्रियांचे हक्क’ या शीर्षकाखाली ठेवले तर खटला कळेल, आणि गाव केवळ खटल्याचे स्थळ म्हणून उरेल. ‘नवलाई’ या शीर्षकाखाली ठेवले, तर दारांवाचूनची घरे तेवढी राहतील आणि त्या घरांत राहणारी माणसे, त्यांची शेती, त्यांची शाळा ही अदृश्य होतील. यातील कोणतीही मांडणी असत्य सांगत नाही. परंतु जे वगळले गेले ते वगळले गेले आहे, हेही ती सांगत नाही. गॅझेटियरच्या साच्याविषयी जे म्हटले तेच येथे लागू पडते : साचा गप्प राहूनही मत मांडतो.

८

आणखी एक बाब, जी छापील ग्रंथाला नव्हती आणि संकेतस्थळाला आहे, ती पत्त्याची. ग्रंथातील पृष्ठांक एकदा छापला की बदलत नाही. संकेतस्थळावरील पृष्ठाचा पत्ता बदलू शकतो. आणि तो बदलला म्हणजे इतरांनी त्याकडे केलेले सर्व निर्देश एका क्षणात निराधार होतात. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये याविषयी लिहिताना असा विचार मांडला की, जे पालटण्याजोगे आहे ते पत्त्यात घालूच नये. विषयाचे वर्गीकरणदेखील पालटते, म्हणून तेही नको.

या सूत्राचा प्रत्यय प्रस्तुत उदाहरणात अलीकडेच आला आहे. अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली आणि २०२४ मध्ये तो बदल अधिकृत झाला. ज्या संकेतस्थळांनी पृष्ठाच्या पत्त्यात जिल्ह्याचे नाव गोवले असेल, त्यांच्यापुढे दोनच मार्ग उरतात : कालबाह्य नाव पत्त्यात वागविणे, अथवा सर्व पत्ते बदलून जुन्यांवरून नव्यांकडे वळण देणे. पत्ता नामनिरपेक्ष असता तर यातील काहीच करावे लागले नसते. प्रमाणनामाच्या यादीत नवे नाव मुख्य करून जुने पर्याय म्हणून ठेवले की काम संपले असते. जुने नाव पुसून टाकणे मात्र संशोधनाच्या दृष्टीने घातक ठरेल. १८८४ च्या खंडाचे नाव अहमदनगर आहे आणि ते तसेच राहणार. त्याचा शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला नव्या नावावरून जुन्याकडे आणि जुन्यावरून नव्याकडे जाता आले पाहिजे.

९

या सर्व इतिहासावरून संकेतस्थळाच्या आशयरचनेचा जो क्रम हाती येतो तो असा. प्रथम असलेल्या व हव्या असलेल्या आशयाची यादी. मग प्रमाणनामे आणि त्यांचे पर्याय. मग पैलू, आणि प्रत्येक घटकाचा साचा. मग परस्परनिर्देश. मग वर्णक्रमाचे नियम आणि टिकाऊ पत्ते. या साऱ्यानंतर रूप आणि रंग. यादीतील एकेक घटक स्वतंत्र कार्डावर लिहून ती कार्डे संभाव्य वाचकांकडून गटवार लावून घेण्याची जी रीत आज संकेतस्थळांच्या कामात प्रचलित आहे, ती चिठ्ठ्यांवर काम करणाऱ्या जुन्या कोशकारांना नवी वाटली नसती. फरक एवढाच की, कोशकार चिठ्ठ्या स्वतः लावीत, आणि आता वाचकाला लावू दिल्या जातात. हा फरक लहान नाही. शिंगणापूरची कार्डे यात्रेकरूने लावली तर एक रचना येईल, नेवाशाच्या वकिलाने लावली तर दुसरी, आणि गावातील स्त्रीने लावली तर तिसरी. रचना ठरविण्यापूर्वी या तिघांची कार्डे पाहिलेली असावी.

पूर्वनियोजन म्हणजे सर्व काही आधीच कळते असा दावा नव्हे. विश्वकोशाचे सतरा खंड वीस झाले आणि गॅझेटियरला सूची मागाहून जोडावी लागली, हे विसरून चालणार नाही. आराखड्यात न बसणारी वस्तू पुढे येणारच. ती आली असता आराखडा कोणी, कोणत्या नियमाने आणि कोठे नमूद करून बदलावयाचा, हेही आराखड्यातच लिहिलेले असले म्हणजे पुरे. केतकरांनी आपल्या कामाचा वृत्तांत स्वतंत्र पुस्तकरूपाने मागे ठेवला, त्यामुळे त्यांच्या योजनेचे गुणदोष आज तपासता येतात. मराठीत आज उभी राहणारी बहुसंख्य संकेतस्थळे असा कोणताही वृत्तांत मागे ठेवीत नाहीत. ती बंद पडतात तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची रचना का तशी होती, हेही नाहीसे होते. मराठीच्या पदव्युत्तर विभागांना कोशवाङ्मयाच्या अभ्यासात या रचनांचा समावेश करता येईल, आणि तो ती संकेतस्थळे जिवंत आहेत तोवरच करता येईल.